अनुकूली जाळी : कर्ता की करण?

मार्शा बर्जर व जोसेफ ओलिगर यांचा जाळीच्या अनुकूली सूक्ष्मीकरणावरील निबंध १९८४ साली 'जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल फिजिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. द्रायूंच्या, म्हणजे द्रव आणि वायू यांच्या, गतीचे संगणकीय गणित ज्या थोड्या लेखनांवर उभे आहे, त्यांत या निबंधाची गणना करावी लागते. त्याचे गणिती मूल्य निर्विवाद आहे. परंतु त्याच्या शीर्षकातील 'अनुकूली' हे विशेषण मात्र परीक्षणावाचून स्वीकारण्याजोगे नाही.

निबंधाचे प्रयोजन प्रथम पाहू. वायूचा प्रवाह सलग असतो. संगणकाला सलग काहीच पेलत नाही. म्हणून अवकाशाची घरे पाडून प्रत्येक घरात वेग, दाब, घनता यांचे एकेक मूल्य धरावे लागते. घरे मोठी ठेवली तर आघात-तरंग, म्हणजे दाब अत्यल्प अंतरात एकदम चढतो ती जागा, पुसट होतो. सर्वत्र लहान केली तर श्रम आवाक्याबाहेर जातात. त्रिमितीत प्रत्येक दिशेने घर चौपट बारीक केले, की घरे ६४ पट होतात. आणि कूरांट, फ्रीड्रिक्स व लेवी यांनी १९२८ साली दाखविलेल्या बंधनामुळे कालाचे पाऊलही सामान्यतः तितकेच आखूड घ्यावे लागत असल्याने एकूण श्रम २५६ पट होतात. आघात-तरंग तर अवकाशाचा अगदी लहान भाग व्यापतो. तेव्हा जेथे गरज तेथेच बारकाई असावी, हा विचार ओघानेच येतो.

बर्जर व ओलिगर यांची योजना अशी : एकच गणित मूळ घरांवर दोन पावले आणि दुप्पट घरांवर एक दुप्पट पाऊल असे करून दोन उत्तरांतील फरक पाहावयाचा. लुईस रिचर्डसन यांच्या जुन्या युक्तीचाच हा उपयोग होय. हा फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ते बिंदू खुणावले जातात. त्यांचे पुंजके आयतांत बसवून त्यांवर बारीक जाळी पसरली जाते, तीवर गरजेप्रमाणे आणखी बारीक. आणि काही पावलांनी ही मांडणी पुन्हा केली जाते. १९८४ च्या योजनेत हे आयत तिरपेही ठेवता येत. बर्जर व फिलिप कोलेला यांच्या १९८९ च्या निबंधाने ते मूळ जाळीशी समांतर केले आणि जाड व बारीक जाळ्यांच्या सीमेवर वस्तुमान व ऊर्जा यांचा हिशेब जुळता ठेवण्याची रीत दिली. लवचीकता थोडी गेली, विश्वासार्हता वाढली. हा सौदा लाभाचाच ठरला.

आता विशेषणाकडे वळू. 'अनुकूली जाळी' या प्रयोगात जाळी कर्त्याच्या जागी बसते : जणू ती प्रवाह न्याहाळते आणि जेथे हवे तेथे स्वतः बारीक होते. पाणिनीय परंपरेने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले आहे, आणि क्रियासिद्धीस सर्वांत साहाय्यकारी ते करण म्हटले आहे. या कसोटीवर जाळी करण ठरते. खूण कोणत्या राशीवरून करावयाची, मर्यादा किती, आरंभीची जाळी किती जाड, हे सर्व गणित करणारा ठरवितो. स्वातंत्र्य त्याचे, म्हणून कर्तृत्वही त्याचेच.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. रिचर्डसन यांची युक्ती उत्तर गुळगुळीत असेल तेथेच त्रुटीचे खरे माप देते. आघात-तरंगावर मिळणारा आकडा माप नसून इशारा असतो. शिवाय जाड जाळीतून जो लहान भोवरा मुळातच निसटला, त्याची खूण कोठेच उमटत नाही. न उमटलेल्या खुणेवर बारीक जाळी पडणार कशी? तिसरे असे की प्रवाहात त्रुटी वाहत जाते : उपजते एका जागी, बाधते दुसऱ्या जागी. राशीचा चढ जेथे तीव्र तेथे सूक्ष्मता, एवढाच निकष धरला तर उत्तर स्थिर झालेले दिसूनही चुकीचे असू शकते, हे वॉरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले. बेकर व रानाखर यांच्या २००१ च्या विवेचनात प्रश्नच बदललेला आढळतो. त्रुटी कोठे मोठी आहे असे न विचारता, इष्ट राशीला, उदाहरणार्थ पंखावरील रोधाला, कोणती त्रुटी बाधते असे तेथे विचारले जाते. परंतु इष्ट राशी कोणती, हे तेथेही माणूसच सांगतो.

बर्जर व ओलिगर यांनी निकष व मर्यादा उघड मांडल्या आहेत. दोष त्यांचा नाही. दोष 'जाळी आवश्यक तेथे सूक्ष्म झाली' अशा नंतरच्या निःकर्तृक वाक्यांचा आहे. 'आवश्यक' हे कोणी ठरविले, ते अशा वाक्यात लुप्त होते, आणि पंखाचा आकार त्याच आकड्यावर पक्का होतो. आकडा चुकला तर उत्तर जाळीला विचारता येत नाही. म्हणून निकष, मर्यादा व आरंभीची जाळी या तिन्हींचा उल्लेख नसलेला निष्कर्ष, त्याचे चित्र कितीही रेखीव असले तरी, अपूर्णच मानला पाहिजे.