हकचे ‘पाप’

मार्क ट्वेन यांची ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’ ही कादंबरी इंग्लंडमध्ये १८८४ साली व अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला हक आणि पळून आलेला गुलाम जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून प्रवास करतात. मुलांची साहसकथा म्हणून ती परिचित आहे. आज वाचताना मात्र तिच्यातील धर्माचा प्रश्नच अधिक अस्वस्थ करतो.

जिमची मालकीण मिस वॉटसन धर्मशील आहे. तिच्या घरी गुलामांनाही प्रार्थनेस बोलावले जाते आणि आठशे डॉलरच्या मोहाने तीच जिमला विकण्याचा विचार करते. या संस्कारांत वाढलेल्या हकला जिमला साह्य करणे म्हणजे चोरी, म्हणजेच पाप वाटते. जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र तो लिहितो. पण जिमची माया आठवून ते फाडतो आणि नरकवास पत्करतो.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली बजावले, की पापाच्या सवयीने सद्सद्विवेकबुद्धी हळूहळू आंधळी होते. हकच्या गावाला नेमके हेच झाले आहे. हा दोष इतर पंथीयांचा, असे म्हणून आपणांस सुटता येत नाही. कादंबरीतील काळ साधारणतः १८३५ ते १८४५ चा आहे. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम विकले आणि त्या पैशातून जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यास हातभार लावला. त्याबद्दल येशूसंघाने २०१७ साली जाहीर क्षमा मागितली.

कादंबरीचा शेवट मात्र खटकतो. मालकिणीने मृत्युपत्राने जिमला मुक्त केले आहे, हे ठाऊक असूनही टॉम सॉयर त्याच्या सुटकेचा खेळ मांडतो. उंदीर, साप, कोळी यांच्यासह कोंडलेल्या जिमच्या हालांवर आपण हसावे, अशी लेखकाची अपेक्षा दिसते. वस्तुतः कथेतील खरी आत्मपरीक्षा जिमचीच आहे. लहानग्या मुलीने ऐकले नाही म्हणून त्याने तिला मारले. ज्वरानंतर ती बहिरी झाल्याचे कळताच तो पश्चात्तापाने कोसळला. पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ साली ‘जेम्स’ या कादंबरीत हीच कथा जिमच्या तोंडून सांगितली, हे योग्यच झाले.

काळ्या माणसांविषयीचा अपमानकारक शब्द मूळ पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ च्या एका आवृत्तीत तो बदलला गेला. शब्द बदलल्याने त्या समाजाचे पाप झाकले जाते, असे मला वाटते. पालकांनी हे पुस्तक मुलांसोबत बसून वाचावे आणि शेवटच्या प्रकरणांत हसू आले, तर जिमला त्या वेळी काय वाटले असेल, हे त्यांना अवश्य विचारावे.