‘टाइम आउट’ : मात्रा मोडणे आणि चौकट मोडणे

कलेतील प्रयोग म्हणजेच विद्रोह, हा गैरसमज आपल्याकडील समीक्षेने बराच काळ जोपासला आहे. छंद मोडला, वाक्यरचना मोडली की कवी बंडखोर ठरतो. त्याने समाजातील कोणती चौकट मोडली, हा प्रश्न मात्र ‘कलाबाह्य’ म्हणून दूर सारला जातो. दलित साहित्याला हा प्रश्न टाळता येत नाही. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्यांचे साहित्य आपण आपुलकीने वाचले. त्यांच्या संगीताकडे मात्र आपले लक्ष कमी गेले. म्हणून जॅझमधील एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

डेव्ह ब्रुबेक यांच्या चौघांच्या संचाची ‘टाइम आउट’ ही ध्वनिमुद्रिका १९५९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये तयार झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलंबिया कंपनीने ती प्रकाशित केली. जॅझ हे अमेरिकेतील काळ्या माणसाच्या जगण्यातून जन्मलेले संगीत. त्या काळी ते बहुतांशी चार मात्रांच्या चालीवर चाले. ब्रुबेक यांनी ही सवय मोडली. ‘ब्लू रोन्डो अ ला टर्क’ या पहिल्याच रचनेत नऊ मात्रा आहेत, पण त्या दोन-दोन-दोन-तीन अशा येतात. तीन आवर्तने अशी झाल्यावर चौथे तीन-तीन-तीन असे पडते. ही लय त्यांनी १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलमधील रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. ‘टेक फाइव्ह’ ही सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची रचना पाच मात्रांची, तीन अधिक दोन अशी. झपताल आणि रूपक ऐकलेल्या कानाला यात नवल वाटणार नाही. नाचाच्या ठेक्याला सरावलेल्या अमेरिकन श्रोत्याला मात्र हे चमत्कारिक होते. असली ध्वनिमुद्रिका खपेल, असे कंपनीतील अनेकांना वाटत नव्हते. प्रत्यक्षात १९६१ मध्ये ती लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

येथेच थांबून विचार केला पाहिजे. जी मोडतोड बाजार दोन वर्षांत पचवतो, तिला विद्रोह म्हणावे काय? पाच मात्रांनी कोणाचेही आसन हलले नाही. गोऱ्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात त्या सुखाने वाजत राहिल्या. ‘टाइम आउट’चे संगीत सुंदर आहे, हे निःसंशय. परंतु केवळ मात्रांच्या हिशेबात तिचे मोठेपण शोधणारी समीक्षा अर्धीच राहते.

उरलेले अर्धे त्या चौघांच्या मांडणीत आहे. ब्रुबेक, डेझमंड आणि ड्रमवादक जो मोरेलो हे तिघे गोरे. बास वाजविणारे युजीन राइट काळे. फेब्रुवारी १९५८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील एका महाविद्यालयात, राइट रंगमंचावर येणार असतील तर कार्यक्रम होणार नाही, असे सांगण्यात आले. हाच संच थोड्याच दिवसांत अमेरिकन सरकारच्या वतीने जगाच्या दौऱ्यावर निघणार होता. तो दौरा पुढे मुंबईतही आला. परदेशी स्वातंत्र्याची जाहिरात, आणि घरी अस्पृश्यता! अखेर राइट यांनी मागे उभे राहावे, या अटीवर परवानगी मिळाली. ब्रुबेक यांनी माइक बिघडल्याचे निमित्त करून राइट यांना पुढच्या माइकवर आणले. ‘टाइम आउट’ बाहेर पडल्यानंतर, १९६० च्या आरंभी, दक्षिणेतील महाविद्यालयांचा पंचवीस कार्यक्रमांचा दौरा ठरला होता. राइट यांच्या जागी गोरा वादक आणा, ही मागणी ब्रुबेक यांनी धुडकावली आणि बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. हजारो डॉलरवर त्यांनी पाणी सोडले.

हा नकार खरा. तो पाच मात्रांहून मोठा आहे. तरीही एक गोष्ट खटकते. या घटना जेव्हा सांगितल्या जातात तेव्हा त्यांचा नायक ब्रुबेक असतो. ज्याला रंगमंचावरून उतरविण्याचा प्रयत्न झाला, तो राइट गोष्टीतही मागेच उभा राहतो. ‘टेक फाइव्ह’मध्ये मोरेलो यांचे ड्रम मोकळे सुटतात, ते पियानो आणि बास पाचाचा पाया धरून ठेवतात म्हणून. तो बास किती जणांनी कान देऊन ऐकला? सवर्ण सुधारकांची चरित्रे आणि त्यांच्या सावलीत हरवलेली आपली माणसे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पाच मात्रांचीच दुसरी एक रचना याच्या शेजारी ठेवून ऐकावी. काळे ड्रमवादक मॅक्स रोच यांनी तीन मात्रांतील जॅझची ध्वनिमुद्रिका १९५७ मध्येच काढली होती. १९६० मध्ये, काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहारगृहांत ठाण मांडून बसले त्या वर्षी, त्यांनी ‘वी इन्सिस्ट!’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यातील ‘ड्रायव्हा मॅन’ ही रचना गुलामांवरील मुकादमाविषयी आहे. अॅबी लिंकन ती गातात आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आघात पडतो, तो चाबकासारखा. मात्रा तेवढ्याच, पाच. डेझमंड यांच्या पाचात डौल आहे. रोच यांच्या पाचात पाठीवरचे वळ आहेत. लयीचा अर्थ तिच्या गणितात नसतो. ती कोणत्या अनुभवातून आली, यावर तो ठरतो.

म्हणून ‘टाइम आउट’ला नाकारण्याचे कारण नाही, आणि तिला विद्रोहाचे प्रमाणपत्र देण्याचेही नाही. गोऱ्या कलावंताचा प्रामाणिकपणा आपण मोकळेपणाने मान्य करावा. त्यासोबत राइट यांचे नाव घेण्याचा आग्रहही सोडू नये. आपल्या नव्या कवींनाही हेच सांगावेसे वाटते. तुमच्या मोडलेल्या ओळीला प्रस्थापितांची दाद मिळू लागली, तर आनंदून जाण्यापूर्वी एवढे पाहा, की दाद फक्त ओळीला मिळते आहे, की ती लिहिणाऱ्या माणसालाही पुढच्या माइकवर जागा मिळाली आहे.