सांधा कुठे ठेवायचा

पाचही स्क्रू ढिले केले, तरी एकही टेबलावर पडला नाही. लॅपटॉप उघडायचा म्हटलं की मी आधी चहाची बशी शेजारी घेतो, स्क्रू हरवू नयेत म्हणून. त्या दिवशी बशी रिकामीच राहिली. फ्रेमवर्क लॅपटॉपच्या पोटाखालचे पाच स्क्रू सैल होतात आणि आपापल्या भोकातच अडकून राहतात. त्यातला एका कोपऱ्यातला तर सैल होता होता किबोर्डचं झाकण आतून किंचित वर उचलतो, बोटाला फट मिळेल इतकं. ते काम एरवी प्लास्टिकच्या पट्टीने, कडा ओरबाडत, श्वास रोखून करावं लागतं. इथे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं की हे झाकण एक दिवस उघडणार आहे, आणि उघडणारा माणूस कदाचित पहिल्यांदाच उघडत असेल.

लॅपटॉप माझ्या भाचीचा. ती म्युनिकला असते, दिवाळीला आली होती. "मामा, तूच उघड," म्हणाली आणि खोक्यातच आलेला स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. काही मोडलं तर, असं मी विचारलं. "मग तेवढाच भाग मागवायचा," ती म्हणाली आणि फराळाकडे वळली.

झाकण लोहचुंबकांवर बसलेलं असतं. उचलताना हलकासा विरोध होतो आणि मग ते सुटतं. मात्र झटक्यात ओढायचं नाही, टचपॅडची रिबन केबल खालच्या मदरबोर्डाला जोडलेली असते. तिला धरायला एक छोटी जीभ दिली आहे. ती वर खेचली की केबल सुटते आणि सगळं पोट समोर येतं: बॅटरी, पंखा, मेमरीच्या दोन पट्ट्या, एसएसडी, वायफायचं कार्ड. प्रत्येक भागावर त्याचं नाव छापलेलं आणि शेजारी क्यूआर कोड. तो फोनने टिपला की त्या भागाची माहिती आणि बदलायची रीत समोर येते. बराच वेळ मी नुसता बघत बसलो. आत काय आहे हे मला नवीन नव्हतं. ते मला दाखवायचं म्हणून मांडलेलं असावं, हे नवीन होतं.

कारण माझा अनुभव दुसरा आहे. माझ्या मागच्या लॅपटॉपचं एकच अक्षर उठेना, 'ल'चं. तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या कारागिराने तो उघडून मला दाखवला. किबोर्ड वरच्या सांगाड्याला रिव्हेटने ठोकलेला, बॅटरी डिंकाने चिकटवलेली, मेमरी बोर्डावरच झाळलेली. एका बटणापायी सगळा वरचा सांगाडा बदलायचा आणि तोही बाजारात मिळेना. हा माणूस भिंगाखाली, गरम हवेच्या झोतावर चिप उतरवून पुन्हा बसवतो, त्याच्या हाताला काही कमी नव्हतं. त्याचा हात त्या बटणापर्यंत पोचणार नाही अशीच त्या वस्तूची घडण होती. मला अजून त्या घडणीचा राग येतो.

फ्रेमवर्क ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. निरव पटेल यांनी ती सुरू केली, त्याआधी ते ऑक्युलसमध्ये हार्डवेअरचं काम बघत. पहिला 13.5 इंची लॅपटॉप 2021च्या जुलैत ग्राहकांच्या हाती पडला आणि दुरुस्तीसाठी वस्तू उघडून जोखणाऱ्या आयफिक्सिटने त्याला 10 पैकी 10 गुण दिले. याच आयफिक्सिटने 2017मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉपला शून्य दिलं होतं.

लोक बहुधा फ्रेमवर्कच्या पोर्टांचं कौतुक करतात. दोन्ही कडांना मिळून चार खाचा, त्यांत आगपेटीहून लहान कार्डं सरकवायची: एचडीएमआय हवं तर ते, जुना यूएसबी हवा तर तो. गंमत आहेच. पण मला त्यातली खरी सोय वेगळी वाटते. पोर्ट हा रोज घासला जाणारा, वायरीत पाय अडकला की खिळखिळा होणारा भाग. तो झिजला तर इथे फक्त कार्ड झिजतं, मदरबोर्ड नाही.

आणि इथेच या वस्तूचं मर्म आहे. सांधे कुठे ठेवायचे आणि कुठे नाही, याची निवड. गूगलने आरा नावाचा फोन करायला घेतला होता, जवळजवळ सगळा ठोकळ्यांचा. 2016मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. प्रत्येक सांधा जागा खातो, वजन घेतो. फ्रेमवर्कने प्रोसेसर सुटा ठेवलेला नाही, तो मदरबोर्डावर झाळलेलाच आहे. सुटा आहे तो पूर्ण मदरबोर्ड, आणि त्याची जागा व भोकं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच राखली. भाचीने इंटेलच्या अकराव्या पिढीचा बोर्ड घेतला होता. पुढे त्याच सांगाड्यात तिने एएमडीचा बसवला. आधीच्या वरच्या झाकणाचा पत्रा दाबला की लवायचा. कंपनीने 2022मध्ये कोरून काढलेलं घट्ट झाकण आणलं, तेही जुन्या लॅपटॉपला बसतं. पडदा डुगडुगतो अशी तक्रार होती, तर जास्त ताठ बिजागऱ्या वेगळ्या विकायला ठेवल्या. बाकीच्या कंपन्या अशी चूक पुढच्या मॉडेलमध्ये सुधारतात. इथे ती विकलेल्या वस्तूत सुधारता येते. मला याचं फार अप्रूप आहे.

तरी किंमत मोजावी लागतेच. नवा बोर्ड बसवताना भाचीची जुनी मेमरी बाद झाली, कारण इंटेलच्या त्या बोर्डाला डीडीआर4 लागते आणि एएमडीच्याला डीडीआर5. बदलायचा होता एक भाग, बदलले दोन. बोर्ड हाच सगळ्यात महाग भाग, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून हा लॅपटॉप कुणी घेऊ नये. जाडी जेमतेम 16 मिलिमीटर आणि वजन 1.3 किलो, म्हणजे अवजड मुळीच नाही. पण ॲपलच्या 2022च्या मॅकबुक एअरची जाडी 11.3 मिलिमीटर आहे, आणि एका चार्जवर तो बराच जास्त टिकतो. मेमरी प्रोसेसरला चिकटून बसवली की वीज वाचते, वेग वाढतो. ती सुटी ठेवण्याची ही किंमत. खुद्द फ्रेमवर्कनेही 2025च्या डेस्कटॉपमध्ये मेमरी झाळूनच दिली, कारण एएमडीच्या त्या चिपला लागणारा वेग सुट्या पट्ट्यांवर मिळेना. त्यांनी ते उघड सांगितलं. मला वाईट वाटलं, पण ते लपवलं असतं तर जास्त वाटलं असतं.

एक दोष मात्र मला आवडतो. 2024मध्ये आलेला जास्त रेखीव पडदा मूळ दुसऱ्या ग्राहकासाठी घडवलेला होता, म्हणून त्याचे कोपरे गोल. भोवतालची चौकट मात्र काटकोनी. भाचीने तो आता बसवला आहे. कोपऱ्यात बारीकशी काळी जागा राहते. लहान कंपनीला स्वतःचा पडदा ओतून घेणं परवडत नाही, हे त्या कोपऱ्यात वाचता येतं.

तिचा जुना बोर्ड तिने टाकला नाही. फ्रेमवर्कचा बोर्ड लॅपटॉपबाहेरही चालतो, कूलर मास्टरने त्यासाठी प्लास्टिकची पेटी काढली आहे. ती पेटी, बोर्ड आणि त्या बाद झालेल्या मेमरीच्या पट्ट्या भाचीने बॅगेतून माझ्यासाठी आणल्या होत्या. फराळ झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून ती जोडली. आता ती माझ्या टेबलावर, जुन्या मॉनिटरमागे स्क्रूने बसवलेली आहे. शेजारी साधा, वायरचा किबोर्ड. 'ल' नीट उठतो.