लागलो, पण गेलो : शिकारीच्या गप्पांमधलं न सांगितलेलं जनावर

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय कळल्यावर मला दोन फोन आले. एकाने विचारलं, बंदुकीवर बोलणार आहात तर परवान्याच्या नूतनीकरणाचं काही सांगाल का? दुसऱ्याने विचारलं, जनावरं मारण्याच्या गोष्टी आता कशाला उकरून काढताय? पहिल्याला माझा उपयोग नव्हता. दुसऱ्याचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला, आणि आज मी बहुतेक त्याच्याशीच बोलणार आहे. तो समोर बसलाय की नाही, माहीत नाही.

मी शिकारी नाही. शिकाऱ्यांच्या घरात वाढलो, एवढंच. दक्षिण कोकणातलं गाव. आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत बंदूक आली ती याच वाटेने. त्यामुळे आमच्या ओटीवर रात्री जी बोलणी चालायची, त्यांत निम्मी डुकराची आणि निम्मी माशांची. साहित्याचा अभ्यास करायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की हा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याचे नियम आहेत. त्याच्या खुब्या आहेत. आणि त्यात एक मोठं भोक आहे. त्या भोकाबद्दल मला बोलायचंय.

आधी खुब्या. शिकारीची गोष्ट सांगणारा माणूस अत्यंत काटेकोर असतो. कुठे बसलो होतो, पाठीमागे किंजळ होता की ऐन, वारा तोंडावर होता की पाठीवर. डुकराला दिसतं कमी, पण वास लांबून येतो, म्हणून वाऱ्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. मग बंदूक. ठासणीची बंदूक भरणं हा एक विधीच. नळीत दारू, वर बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि शेवटी केप. हे सगळं करायला जो वेळ लागतो, तेवढ्यात जनावर शेजारच्या गावात पोचलेलं असतं. म्हणजे बार एकच. आता हे गोष्टीच्या रचनेत कसं उतरतं बघा. ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टीला एकच टोक असतं. सगळी गोष्ट त्या एका क्षणाकडे चढत जाते आणि तिथे संपते. दोन नळ्यांची काडतुशी बंदूक आली की गोष्टीत "दुसरा बार" येतो, आणि सांगणारा जरा सैल होतो. हत्यार बदललं की कथानक बदलतं. हे मला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही, ओटीवर मिळालं.

आता व्याकरणाकडे या. जनावर जागेवर पडलं, की वाक्यात "मी" येतो. मी नेम धरला, मी चाप ओढला, मी पाडला. पण जनावर पडलं नाही, तर? तेव्हा आमच्याकडचं वाक्य आहे : "लागलो, पण गेलो." तीन शब्द. लागलो तो बार, गेलो तो डुकर. मालवणीत दोन्ही पुल्लिंगी, म्हणून क्रियापदाचं रूप सारखंच. आणि सांगणारा? तो वाक्यातून कधीच निसटलाय. डुकराच्याही आधी.

(हशा)

हसू येतं खरं. पण याच्या शेजारी माशाची गोष्ट ठेवून बघा. खाडीवर गरवायला बसणारी माणसं काय सांगतात? सुटलेल्या माशाचीच गोष्ट सांगतात. गरीला तांबोशी लागली होती, काठी अशी वाकली, दोर हातातून सरसरत गेला, हात कापला, आणि काठाजवळ येऊन सुटली. दर वर्षी ती तांबोशी वाढत जाते. सुटलेला मासा कधीच लहान नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे मजेने ऐकतात. म्हणजे निसटलेल्याची गोष्ट रंगवून सांगायची कला या माणसांकडे नाही असं नाही. उत्तम आहे. तीच माणसं, तीच ओटी, तोच कंदील. मग जखमी होऊन गेलेल्या डुकराची गोष्ट तीन शब्दांत का आटपते?

एक कारण साधं आहे, वाट्याचं. आमच्या गावात हाका घालून शिकार झाली की मांसाचे वाटे पडत. हाकाऱ्यांचे सारखे, बंदूकवाल्याचा एक जास्त, कुत्रं असेल तर कुत्रेवाल्याला वेगळा. वाटे पडताना गोष्ट सांगितली जायची, कारण कुणाचा बार आधी लागला यावर जादा वाटा ठरायचा. म्हणजे गोष्ट हा एक पुरावा होता. जे जनावर गेलं, त्याचा वाटा नाही. वाटा नाही, म्हणून गोष्ट नाही.

पण एवढ्याने भागत नाही. कारण जखमी जनावराबद्दलचं ज्ञान याच लोकांकडे अफाट असतं. रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसात लागलंय, जनावर फार लांब जाणार नाही. काळसर असेल तर काळजात, म्हणजे यकृतात. हिरवट, शेणासारखा वास मारणारं असेल तर पोटात लागलंय. मग लगेच मागे जायचं नाही, त्याला कुठेतरी बसू द्यायचं. रक्त पानाच्या वरच्या अंगाला आहे की कडेला घासलंय, यावरून जखमेची उंची कळते. हे मी लहानपणी ऐकलंय. पण कसं ऐकलंय? कुणाला तरी शिकवताना, हळू आवाजात, सुटंसुटं. गोष्ट म्हणून कधीच नाही. ज्ञान आहे, आख्यान नाही.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. संध्याकाळी हाक्यावरून मंडळी परतली आणि ओटीवर ते वाक्य आलं. लागलो, पण गेलो. अंधार पडत होता, माग काढायला कुणी गेलं नाही. सकाळी जाऊ म्हणाले. सकाळी पाऊस. तिसऱ्या दिवशी वहाळाच्या कडेला गवत कापायला गेलेल्या एका बाईला करवंदीच्या जाळीतून डुक्कर आडवं आलं. मांडी फाडली. वाचली ती, पण पुढे आयुष्यभर पाय ओढत चालायची. आता हीसुद्धा गोष्ट ओटीवर सांगितली जायची, बरं का. अनेकदा. पण ती कशी सुरू व्हायची? "एक बाई गवत कापत होती." सुरुवात तिथून. आधीच्या संध्याकाळचा बार त्या गोष्टीत नव्हता. तो बार आमच्या घरच्या बंदुकीचा होता, हे मला आजीने सांगितलं, आजोबा गेल्यानंतर, भाकरी थापता थापता. मी तिला विचारलं, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही? ती म्हणाली, सांगून वाटा मिळणार होता काय?

हे डोक्यात ठेवून जिम कॉर्बेट वाचावा. आपल्याकडे कॉर्बेट वाचतात तो थरारासाठी किंवा जंगलाच्या वर्णनासाठी. "मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ" १९४४ साली आलं. त्यातली चंपावतच्या वाघिणीची गोष्ट घ्या. १९०७ साल. नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर. शेवटच्या दिवशी तहसीलदाराने हाक्यासाठी २९८ माणसं गोळा केली. विनापरवाना हत्यारांकडे आपण काणाडोळा करू आणि लागेल त्याला दारूगोळाही देऊ, असं त्याने आधीच कळवलं होतं. म्हणजे सरकार एका दिवसापुरतं डोळे मिटून बसलं, आणि गावागावांतून लपवलेल्या बंदुका बाहेर आल्या. कॉर्बेटने बरोबर फक्त तीन काडतुसं आणली होती. ती संपली. जखमी वाघीण समोर. मग तो धावत जाऊन तहसीलदाराची जुनाट बंदूक घेतो, जिच्या नळीत आणि मागच्या भागात चक्क फट होती. तिने झाडलेली गोळी नेमलेल्या जागी लागतच नाही, पंजाला लागते. हे सगळं तो स्वतः सांगतो. आपला "मी" वाक्यातून काढत नाही. नेम चुकला तरी "मी"च.

आणि मग गोष्टीच्या शेवटाकडे तो वाघिणीचं तोंड उघडून बघतो. उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले. जुन्या गोळीची जखम. त्यामुळे तिला तिचं नेहमीचं भक्ष्य मारता येत नव्हतं, म्हणून ती माणसांकडे वळली, हा त्याचा निष्कर्ष.

इथे मी दर वेळी थांबतो. ती गोळी कुणीतरी झाडली होती. कोण, ते आपल्याला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी तो माणूस कुठल्यातरी शेकोटीशी बसला असेल आणि त्याच्या भाषेत त्याने ते तीन शब्द उच्चारले असतील, अशी कल्पना मी करतो. लागली, पण गेली. विषय संपला. ४३६ माणसं त्याच्या पुढे आहेत. कॉर्बेटची गोष्ट त्या माणसाने न सांगितलेल्या गोष्टीचा उत्तरार्ध आहे.

मात्र कॉर्बेटला देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही. त्याच पुस्तकात पोवळगडच्या "बॅचलर"ची गोष्ट आहे. तो वाघ नरभक्षक नव्हता. मोठा होता, सुंदर होता, बऱ्याच शिकाऱ्यांना हवा होता, एवढाच त्याचा गुन्हा. कॉर्बेटची पहिली गोळी त्याच्या डोक्याला लागते आणि तो जखमी होऊन जातो. जखमी वाघापासून काय होतं हे ज्याने सगळ्या जगाला समजावलं, तोच माणूस केवळ नामी शिकार म्हणून वाघ जखमी करतो. मग त्याच्या मागावर जाऊन त्याला संपवतो, तेही पायी, जीव धोक्यात घालून. ते धैर्य मला मान्य. पण पहिली गोळी का झाडली, याचं उत्तर त्या गोष्टीत मला सापडत नाही. तिथे तोसुद्धा आमच्या ओटीवरचाच एक आहे. फरक इतकाच की गेलेल्या जनावराची गोष्ट तो शेवटपर्यंत सांगतो.

आता मराठीत काय झालं? व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे ती त्यांनी खाली ठेवली. "नागझिरा" वाचा, किंवा १९८२ ची "सत्तांतर" वाचा. त्यांची नजर शिकाऱ्याचीच आहे. पाणवठ्यावर कोण कधी येतं, वारा कुठला, कुठलं पाखरू ओरडलं म्हणजे काय समजायचं. फक्त शेवटी बार होत नाही. ठासणीच्या गोष्टीचं ते एकच टोक त्यांनी काढून टाकलं, त्यामुळे गोष्टीला संपण्याची घाई राहिली नाही. हे फार मोठं काम आहे. मारुती चितमपल्लींनी तर वनखात्याच्या नोकरीत राहून रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, आणि मराठीला एक अख्खं जंगल दिलं.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती या थोर माणसांबद्दल नाही, त्यांच्यानंतर आलेल्या आपल्या वाचनाबद्दल आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला. आवश्यकच होता. लिहिणाऱ्यांनी बंदूक सोडली, वाचणाऱ्यांनी ती कधी धरलीच नव्हती. मराठी निसर्गलेखन स्वच्छ झालं. आणि शिकारीच्या गप्पा? त्या थांबल्या नाहीत, त्यांचा आवाज बारीक झाला. डुक्कर आजही भात लोळवतं, सुरण उकरतं. नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी कायद्याने मिळू शकते, पण अर्ज, पंचनामा आणि शेताची अवस्था यांचा वेग सारखा नसतो. मग रात्री बॅटरी घेऊन माणसं जातात. चोरून गेलेल्या माणसाला जखमी जनावराचा माग काढायला दिवसाउजेडी कसं जाता येणार? आणि गावात कुणाला सावध तरी कसं करणार? पूर्वी तो तीन शब्द तरी बोलायचा. आता तेही नाहीत.

अधूनमधून पेपरात चार ओळींची बातमी येते. शिकारीला गेलेल्यांपैकी एकाचा, "डुक्कर समजून" झाडलेल्या गोळीने मृत्यू. "समजून" या शब्दाकडे बघा. इथेही झाडणारा वाक्यात नाही. आमच्या ओटीचं व्याकरण पेपरवाल्यांनीही उचललंय.

वेळ संपत आलीय असं खुणावतायत. प्रश्न घेऊ या.

(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे शिकारीचं लेखन पुन्हा व्हावं, असं तुमचं म्हणणं आहे का?)

शिकार पुन्हा व्हावी असं अजिबात नाही. लेखन, हो. ज्यांनी केली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या गावात असतील. कृपा करून त्यांना "सगळ्यात मोठं जनावर कुठलं मारलंत" असं विचारू नका, ती गोष्ट तयारच असते, मिशीला पीळ देऊन बाहेर येते. गेलेल्या जनावराबद्दल विचारा.

(श्रोत्यांतून : नाही सांगितलं तर?)

नाहीच सांगणार पहिल्यांदा. माझ्या काकांना मी तीन वर्षं विचारत होतो. ते दर वेळी मला खाडीवरच्या तांबोशीची गोष्ट सांगायचे. गेल्या मे महिन्यात सांगता सांगता मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्या वहाळाकडे पाऊस नसतो ना सकाळी, तर आम्ही गेलो असतो रे." एवढंच बोलले. मग परत तांबोशी.