चार्ट : एक रसग्रहण

तुम्ही सर्वांत एकाग्रतेने वाचलेले पान कोणते, असे कुणी विचारले तर मी बेधडक सांगेन : रेल्वेच्या डब्याच्या दाराशी चिकटवलेला रिझर्व्हेशनचा चार्ट. मोठ्या स्टेशनांवर डब्याला चार्ट लावणे २०१८ सालापासून बंद झाले. आता तो मोबाइलवर वाचायचा. पण दहा अनोळखी माणसांच्या काखेतून मान घालून वाचण्यातली ती गोडी मोबाइलला कुठून येणार?

समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर शैली कमालीची आटोपशीर. नाव, वय, स्त्री की पुरुष आणि बर्थचा नंबर. पाल्हाळ म्हणून नाही. पात्रे तीन वर्णांची. कन्फर्मवाले सुखवस्तू, ते चार्ट वाचतच नाहीत. वेटिंगवाले शोकांतिकेतले. आणि मधले आर.ए.सी.वाले, म्हणजे अस्सल मध्यमवर्ग! एका बर्थवर दोघे, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. भाडे मात्र दोघांकडून पुरेपूर.

यावर फार रागावू नये, असे माझे मत आहे. तिकीट काढलेली सगळीच माणसे काही येत नाहीत, हा हिशेब धरून विमान कंपन्यासुद्धा जास्त तिकिटे विकतात. अमेरिकेत १९७२ साली खुद्द राल्फ नेडर यांना तिकीट असून विमानात घेतले नाही. प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. आपली रेल्वे निदान आधी सांगते, की बाबा रे, अर्धीच जागा आहे. वर आशाही लावून ठेवते. आशा कसली? तर कुणीतरी येणार नाही, याची!

आणि इथेच या कलाकृतीचा खरा नायक भेटतो : चार्टात नाव आहे, पण डब्यात नाही, असा गृहस्थ.

वीसेक वर्षांपूर्वी मी नागपूरला निघालो होतो. एकोणचाळीस नंबरच्या बर्थवर आर.ए.सी. बारा म्हणजे मी आणि आर.ए.सी. अकरा म्हणजे समोरचे आजोबा. कमरेला पट्टा. तेहतीस नंबर रिकामा दिसत होता. टी.सी. म्हणाले, ‘‘कल्याण जाऊ द्या.’’ कल्याणला दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे आम्ही दोघे ज्या नजरेने पाहत होतो, त्या नजरेने सासूसुद्धा सुनेकडे पाहत नसेल. गाडी हलली. टी.सी.नी तेहतीसवर फुली मारली आणि आजोबांना तिकडे पाठवले. एक माणूस आला नाही आणि दोन माणसे आडवी झाली!

रात्री जाग आली तेव्हा मात्र ते नाव आठवले. बाई होत्या, वय अठ्ठावन्न. का आल्या नसतील? आजारी पडल्या, की घरीच काही झाले? त्यांच्या अडचणीवर आपण पाय पसरलेत, असे वाटून मी उगाच पाय जवळ घेतले.

म्हणून या चार्टावर माझा आक्षेप एवढाच : न येणाऱ्याला बोलायला त्यात जागा नाही. चार्ट एकदा तयार झाला, की कन्फर्म तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. मग ‘मी येत नाही हो’ असे कळवायची तसदी कोण घेणार? २०२२ पासून बऱ्याच गाड्यांत टी.सी.च्या हाती यंत्र आले. ‘आले नाहीत’ अशी नोंद झाली, की बर्थ पुढच्या आर.ए.सी.वाल्याच्या नावावर जातो. सुधारणा उत्तमच. पण ती नोंद गाडी सुटल्यावर. जो घरी बसून दोन तास आधी कळवेल त्याला थोडेसे पैसे परत दिले, तर एखाद्या कंबरदुखीच्या आजोबांना कल्याणपर्यंत ताटकळावे लागणार नाही.

गेल्या वर्षी आमच्यावर तीच पाळी आली. निघायच्या संध्याकाळी बायकोला ताप भरला. दोन खालचे बर्थ, पैसे बुडाले. मी चडफडत घड्याळ पाहत होतो. गाडीची वेळ टळून गेली तशी ती पांघरुणातून म्हणाली, ‘‘अहो, आता टेकले असेल हो कुणीतरी.’’

हिशेब मांडला. दोन बर्थ, म्हणजे चार माणसे आडवी.

मी घड्याळ उलटे ठेवले आणि कॉफी करायला उठलो.