फुलराणीचा कंठ

हॉलिवूडच्या जुन्या संगीतप्रधान विनोदी चित्रपटांविषयी एका धर्मगुरूने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमची या चित्रपटांशी ओळख झाली ती सेमिनरीतच. सणासुदीच्या संध्याकाळी तेथे व्हिडिओवर 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) लावला जात असे. त्याची नायिका मारिया ही मठातील उमेदवार असल्यामुळे वरिष्ठांची अनुमती मिळणे सोपे जाई. पुढे 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मधली डेबी रेनॉल्ड्स पाहिली, फ्रेड अ‍ॅस्टेअरच्या पावलाशी पाऊल जुळवणारी जिंजर रॉजर्स पाहिली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. या नायिकांची मोहिनी निव्वळ रूपाची नव्हे. त्या बोलता बोलता गाऊ लागतात, चालता चालता नाचू लागतात, आणि त्यात काही वावगे घडले असे कोणालाच वाटत नाही. मनात आनंद मावेनासा झाला की वाणीला सूर फुटतो, हा त्या चित्रपटांचा साधा सिद्धान्त आहे. स्तोत्रसंहितेवर पोसलेल्या आम्हां ख्रिस्ती मंडळींना तो मुळीच अनोळखी नाही.

या मालिकेतील एक चित्रपट मात्र आम्हांला केवळ रिझवून थांबला नाही, त्याने अस्वस्थही केले. तो म्हणजे 'माय फेअर लेडी' (१९६४). त्याची सख्खी बहीण मराठी रंगभूमीवर आहे. तिचे नाव 'ती फुलराणी'. या दोघींना शेजारी बसवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोघींचे मूळ एकच. बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ साली व्हिएन्नात आणि १९१४ साली लंडनमध्ये रंगमंचावर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या एका मुलीला उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स पैजेखातर शुद्ध इंग्रजी शिकवतो आणि उमरावांच्या मेळाव्यात ती खपून जाते, असे त्याचे कथासूत्र. १९५६ साली लर्नर आणि लोव या जोडीने त्याचे संगीत नाटक केले. त्यात एलायझाची भूमिका ज्यूली अँड्र्यूज करीत असे. चित्रपट निघाला तेव्हा जॉर्ज क्यूकर यांच्या दिग्दर्शनाखाली ती भूमिका ऑड्री हेपबर्नकडे गेली. चित्रपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. हेपबर्नला मात्र नामांकनही मिळाले नाही, आणि त्याच वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक 'मेरी पॉपिन्स'साठी ज्यूली अँड्र्यूजला मिळाले. इकडे १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणले. एलायझाची मंजुळा साळुंखे झाली, हिगिन्सचा प्राध्यापक अशोक जहागीरदार झाला. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी यांनी त्या भूमिका अजरामर केल्या.

आता मुख्य मुद्दा. 'माय फेअर लेडी'त हेपबर्नच्या तोंडची बहुतेक गाणी तिने गायिलेली नाहीत. ती मार्नी निक्सन या गायिकेने गायिली. याच निक्सनबाईंनी 'द किंग अँड आय' (१९५६) मध्ये डेबोरा करला आणि 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मध्ये नाताली वूडला आपला कंठ दिला होता. 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये त्या स्वतः पडद्यावर आल्या त्या एका छोट्या सिस्टरच्या वेषात. पार्श्वगायनाची आपल्याला सवय आहे, त्यात दोष काढण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. एरवी ते खरेही आहे. परंतु येथे चित्रपटाचा विषयच मुळी एका स्त्रीचा आवाज हा आहे. तिचा आवाज तिच्यापासून काढून घेऊन दुसरा बसवला जातो, ही कथा; आणि ती सांगताना निर्मात्यांनी नायिकेच्या बाबतीत नेमके तेच केले. 'सिंगिंग इन द रेन'मध्येही असाच योग आहे. उसन्या आवाजावर मिरवणाऱ्या एका नटीची त्यात टर उडवली आहे, पण आवाज उसना देणाऱ्या मुलीचे काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्याच काही गायनाला पडद्यामागून दुसऱ्या गायिकेचा गळा लाभलेला आहे.

'माय फेअर लेडी'तील एक गाणे मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. दिवसभराच्या घोकंपट्टीने पिचलेली एलायझा हिगिन्सला एकटीच धमक्या देते, ते गाणे. त्यातील रागाचा भाग हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात राहिला आहे. स्वप्नरंजनाचे गोड, उंच स्वर लागतात तेथे निक्सनबाईंचा आवाज येतो. म्हणजे राग तिचा स्वतःचा आणि माधुर्य उसने! आमच्या मते साऱ्या चित्रपटात हेपबर्न सर्वांत मोहक वाटते ती त्या रागातच. तिचे रेशमी पोशाख आणि मोठाल्या टोप्या पाहून डोळे दिपतात. पण मनात घर करून राहतो तो तो खरखरीत, बेसूर होण्याची पर्वा नसलेला आवाज.

शॉच्या मूळ नाटकात या जागी काहीच नाही. पुलंनी मात्र ही जागा हेरली आणि मंजुळेला तिचे प्रसिद्ध स्वगत दिले. लयीत बांधलेले, यमकांनी गुंफलेले, वाद्यावाचून उभे राहिलेले ते एक गाणेच आहे. त्यात दम आहे, वात्रटपणा आहे, चीड आहे, आणि चिडीच्या तळाशी रडू आहे. भक्ती बर्वे यांचा त्यातील आवाज ध्वनिमुद्रणातून अगणित मराठी घरांत पोहोचला आहे. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भक्तीबाई आकाशवाणी-दूरदर्शनवर निवेदन करीत, दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचीत. महाराष्ट्राने शुद्ध मराठीचा जो नमुना कानांत साठवला, त्यात त्यांचा आवाज होता. त्याच कंठाने फुलवालीची बोली इतक्या इमानाने उचलली, की प्राध्यापकाची भाषा आणि मंजुळेची भाषा या दोन्ही एकाच स्त्रीच्या मालकीच्या झाल्या. हॉलिवूडला जेथे दोन गळे लागले, तेथे मराठी रंगभूमीचे काम एका गळ्याने भागले. २००१ साली वाईचा प्रयोग आटोपून परतताना मोटार अपघातात भक्तीबाईंचे निधन झाले. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष आदींनी ही भूमिका केली, तरी प्रत्येक मंजुळेला त्या पहिल्या आवाजाशी झुंजावे लागले.

तथापि केवळ गौरव करून थांबणे हे समीक्षेचे काम नव्हे. अशा कलाकृतीची खरी कसोटी तिचे हसू कोणावर पडते ही आहे. 'ती फुलराणी'च्या पूर्वार्धात प्रेक्षक हसतात ते मंजुळेच्या उच्चारांना. ते हसणारे बहुधा सुशिक्षित नागर असतात आणि 'न' आणि 'ण' यांतील भेद आपल्याला ठाऊक आहे या समाधानात ते हसतात. हळूहळू पुलं हे हसू फिरवून प्राध्यापकावर नेतात, हे त्यांचे मोठेपण. पण पूर्णतः नेतात का? जहागीरदार या नावातच जमीन आणि मान आहे. इंग्रजी नाटकात प्रश्न वर्गाचा होता; आपल्याकडे वर्गाच्या पोटात जात असते, आणि नाटक तिच्या अंगणातून हलक्या पावलांनी निघून जाते. प्रमाणभाषेला प्रमाण कोणी ठरवले, हा प्रश्न मंजुळेच्या ओठांवर येतो न येतो तोच टाळ्यांत बुडून जातो. आमच्या शहरात संत एकनाथांच्या नावाचे रंगमंदिर आहे. येथून जवळच असलेल्या पैठणच्या या संताने भारुडे रचली. तीही संगीत, सोंग आणि विनोद यांनी नटलेली. पण तेथे गावकुसाबाहेरचा माणूस आपल्या बोलीत बोलतो आणि ज्ञान देतो, घेत नाही. हसवता हसवता ते हसणाऱ्यालाच अंतर्मुख करते. त्या मापाने मोजले तर फुलराणी थोडी उणी पडते, आणि हॉलिवूडचा चित्रपट बराच.

चित्रपटाचा शेवट तर याहून अधिक खटकतो. शॉ यांना एलायझाने हिगिन्सची होऊन राहणे मंजूर नव्हते. १९१४ साली हिगिन्सचे काम करणारा बीरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे पुष्पगुच्छ फेकीत असे. शॉ यांना त्याचा संताप येई, आणि पुढे ती दुसऱ्याशीच लग्न करते असे त्यांनी छापील नाटकाच्या उपसंहारात लिहून टाकले. संगीत नाटकाने आणि चित्रपटाने तिला परत प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात आणून उभे केले, आणि तो तिला विचारतो काय, तर आपल्या सपाता कोठे आहेत! मोहिनी टिकली, पण स्वत्व दाराबाहेर राहिले.

'फुलराणी' हे नाव बालकवींच्या कवितेवरून आले, हे सर्वांना ठाऊक आहे. हे बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच स्मरणात असेल. त्याच घरात एक खरीखुरी फुलराणी वावरत होती. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा लाभली नव्हती. अक्षरओळख पतीने करून दिली. पण टिळकांनी त्यांना अक्षरे दिली, भाषा दिली नाही. भाषा त्यांची स्वतःची होती, माजघरातली, विहिरीवरची. 'स्मृतिचित्रे' त्याच भाषेत उतरली म्हणून आज मराठी गद्याचे भूषण ठरली. पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण करणाऱ्याही त्याच. प्रॉटेस्टंट बंधूंच्या अंगणातील हे फूल आम्हां कॅथलिकांनीही अभिमानाने मिरवावे असे आहे. गुरू थोर होता यात शंका नाही, परंतु शिष्येचा कंठ त्याने बदलला नाही, हे त्याचे अधिक थोर कृत्य.

आता हे सारे आम्हांला अस्वस्थ का करते, ते सांगितले पाहिजे. २०२३ च्या प्रायश्चित्तकाळातील एका रविवारसाठी पहिल्या वाचनाची तयारी चालली होती. निर्गमाच्या पुस्तकातील उतारा होता, अरण्यात तहानेने व्याकूळ झालेल्या लोकांचा आणि खडकातून पाणी काढणाऱ्या मोशेचा. गंगापूरकडच्या एका खेड्यातून शिकायला आलेली मुलगी वाचीत होती. ती प्रत्येक वेळी 'पानी' म्हणे. आम्ही गायकवृंदादेखत तिला थांबवले आणि 'पाणी' हा शब्द पाच-सहा वेळा म्हणायला लावला. कोणीतरी हसले. ती हळूच म्हणाली, "फादर, आमी घरी पानीच म्हनतो." आम्ही उत्तर दिले, "हे घर नव्हे, देऊळ आहे."

रविवारी ती वाचायला आली नाही. दुसऱ्याच कोणी तो उतारा वाचला. त्याचे उच्चार निर्दोष होते. पण टँकरची वाट पाहत उन्हात रांगेत उभी राहिलेली ती मुलगी होती, तो नव्हे. तहान तिला ठाऊक होती. पुढे ती परिचारिकेच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि तिची क्षमा मागायची राहून गेली. फुलराणीचे ते स्वगत आता ऐकतो तेव्हा जहागीरदारांच्या खुर्चीत आम्हीच बसलेले दिसतो.

वस्तुतः आमच्या परंपरेने आम्हांला याहून बरे शिकवले होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने लोकांना आपली भाषा घोकायला लावली नाही; तोच लोकांच्या भाषेचा विद्यार्थी झाला, म्हणून १६१६ चे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत अवतरले. मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र ओळखला गेला तो त्याच्या बोलीवरून, असे मत्तय नोंदवतो. त्या रात्री भ्यालेल्या पेत्राने प्रभूला नाकारले. पण पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा ऐकणाऱ्यांना नवल वाटले ते हेच, की हे बोलणारे सारे गालीली आहेत ना? आत्म्याने त्यांना अग्नीच्या जिभा दिल्या, परंतु ते गालीली आहेत ही ओळख काही पुसली गेली नाही.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे आमचे म्हणणे नाही. ती शिकलीच पाहिजे. तिच्यावाचून आमच्या खेड्यांतील मुलामुलींना कचेरीची आणि महाविद्यालयाची दारे उघडत नाहीत. मंजुळेलाही ती हवीच होती, ती स्वतः चालत मास्तरांच्या दारी आली होती. पण नवी भाषा जुनीच्या शेजारी बसली पाहिजे, तिच्या छाताडावर नव्हे. एका कंठात दोन्ही भाषा नांदू शकतात, हे भक्ती बर्वे यांनी दाखवून दिले आहे. त्या जुन्या चित्रपटांतील नायिकांची खरी मोहिनीही आमच्या मते हीच. शिकवणाऱ्याला जे पुसता आले नाही, तेच त्यांच्यात अखेरपर्यंत गात राहते.

वाचकांनी संधी मिळेल तेव्हा दोन्ही कलाकृती अवश्य पाहाव्यात आणि मनमुराद हसावे. फक्त आपले हसू कोणावर पडते आहे, याकडे तेवढे लक्ष असू द्यावे.