तुकोबांचा एकांत व लोकसंग : 'अंतर्मुख' या संज्ञेची एक कसोटी

इंद्रायणीच्या तीरावर, देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या दरम्यान वसलेले मोशी आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक परिसरात मोडते. देहूजवळचा भंडारा डोंगर आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगर ही परंपरेने तुकारामांच्या एकांतसाधनेची स्थळे मानली जातात. या एकांतावरून तुकारामांस 'अंतर्मुख प्रकृतीचा कवी' ठरविण्याचा मोह सहज होतो. हा निर्णय दोन दृष्टींनी तपासून घेणे अवश्य आहे.

पहिला प्रश्न परिभाषेचा. कार्ल युंग याने १९२१ साली मांडलेल्या उपपत्तीत अंतर्मुखता व बहिर्मुखता या संज्ञा मानसिक शक्तीच्या ओघाची दिशा दर्शवितात. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात. एकीच्या प्राबल्यावरून प्रकार ठरतो. मराठीत मात्र 'अंतर्मुख होणे' म्हणजे आत्मपरीक्षण करणे. पहिला प्रकृतीचा कल होय, दुसरी प्रयत्नसाध्य कृती. बहिर्मुख मनुष्य आत्मपरीक्षण करू शकतो आणि अंतर्मुख मनुष्य ते टाळूही शकतो. शब्द एक म्हणून अर्थही एक, असे समजणे हा विचारदोष आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगातील घटनाक्रम लक्षणीय आहे. दुष्काळ, पत्नीचा मृत्यू आणि व्यापारातील तूट यांनंतर पडक्या देवळाच्या दुरुस्तीचा विचार येतो. मग एकादशीचे कीर्तन आणि गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरणे. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतरची. म्हणजे येथे लोकसंग काव्याच्या आधी आला आहे. पुढे निषेधाचा आघात होताच वह्या बुडवून धरणे धरण्याचा प्रसंग येतो. येथे मन पुन्हा आत वळते. विशेष हा की, हे सारे आत्मकथन संतांनी विचारले म्हणूनच केले, असे कवी स्वतः सांगतो. अत्यंत खाजगी अनुभवही श्रोत्यांच्या प्रश्नानेच शब्दरूप झाला.

अर्थात अभंग ही मानसशास्त्रीय चाचणी नव्हे. तीन शतकांहून अधिक काळापूर्वीच्या कवीचा प्रकृतिप्रकार त्यावरून निश्चित करता येत नाही. परंतु व्यक्तिविकासाचे स्वरूप त्यातून निश्चित उलगडते. एकांतात तपासलेले लोकांत नेणे आणि लोकांत लागलेला घाव एकांतात तपासणे, या येरझारीतच तो विकास घडला. म्हणून 'तुकाराम अंतर्मुख की बहिर्मुख?' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या आघाताने मन कोणत्या दिशेस वळले?' हा प्रश्न अभ्यासकास अधिक फलदायी ठरेल.